मांजरीमार्फत

माझ्या सासऱ्यांशी मी पहिली तीन वर्षं मांजरीमार्फत बोलले.

हे आता सांगितलं तर नाती हसतात. त्यांना वाटतं आजी बनवून सांगते. म्हणून मी सांगत नाही, नातीच्या वहीची मागची पानं उरलेली आहेत त्यात लिहिते.

आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. डोईवर पदर, नजर खाली, आणि काही विचारायचं तर मधे कोणीतरी पाहिजे. बहुतेक घरी सासू मधे असते. आमच्या सासूबाई लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "या बुढ्याचं अन् माह्यं बोलणं पुरवता पुरवता माह्ये केस पांढरे झाले. आता तुमचे निरोप बी मीच पोचवू काय?"

म्हणून मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनीच, घरच्या मांजरीला मधे बसवलं. पांढरी होती, एका कानावर काळा ठिपका. तिचं नाव बिल्लोबाई.

"बिल्लोबाई," मामाजी मागावरून म्हणत, "सुनेले सांग, कांड्या बारीक भर. धोट्यात अटकून राह्यल्या."

"बिल्लोबाई," मी चरख्यावर कांड्यांना सूत गुंडाळत हळूच म्हणे, "सांगून दे, सूतच गाठाळ आहे."

"बिल्लोबाई, तिले विचार, सुताले नावं ठेवाले तिले कोणं शिकवलं?"

"बिल्लोबाई, सांग, त्यांनीच."

बिल्लोबाई आमच्या दोघांच्या मधे बसून पंजा चाटत असे. माणसासमोर माझा आवाज फुटत नसे, आताही फारसा फुटत नाही, पण मांजरीसमोर फुटायचा. मामाजींना ते माहीत होतं की नाही, देव जाणे.

एकदा बिल्लोबाई घरात नव्हती आणि जेवण तयार झालं होतं. मी खांबाकडे पाहून म्हटलं, "खांबा, पान वाढलं." मामाजी जागचे हलले नाहीत. भात थंड झाला, वरणावर साय आली. दुपारी बिल्लोबाई आल्यावर ते तिला म्हणाले, "सुनेले सांग, खांबाशी येडे लोक बोलतात. ज्याले कान हालवता येत नाही, त्याच्याजवळ निरोप ठेवाचा नाही."

तेव्हापासून नियम पक्का झाला. मांजर असेल तर बोलणं, नाहीतर नाही.

माझं माहेर तुमसरकडचं. तिथं मी चौथी झाले. आमच्या लग्नाच्या थोडं आधी राज्यं नव्यानं वाटली गेली, त्यात माहेर एकीकडे गेलं आणि कटंगीजवळचं हे सासर दुसरीकडे राहिलं. जायला मोटारीचा तोच रस्ता, तीच धूळ. पण मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सून परदेशातली हाये. तिकडं चौथी पास बाया भेटतात."

आमच्या कोष्ट्यांच्या आळीत घरोघरी माग होते. मामाजींचा माग पुढच्या खोलीत, खिडकीशी. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून ते बसत. खिडकीतून एक जांभळाचं झाड, त्यामागे धानाचे बांध आणि लांब जंगल दिसे. बाकीचे विणकर खिडकीकडे पाठ करून बसत, कारण लक्ष जातं. मामाजी तोंड करून बसत, कारण लक्ष जावं.

एका ताण्यावर, म्हणजे मागावर चढवलेल्या उभ्या सुतावर, चार लुगडी निघत. एक लुगडं संपलं की वीतभर सूत न विणता मोकळं सोडायचं आणि मग दुसरं सुरू करायचं. सगळं झाल्यावर त्या मोकळ्या सुतावर कापलं की लुगडी सुटी होतात. आमच्या आळीतल्या पाच वर्षांच्या पोरीलाही हे माहीत असे. पुढे जे झालं ते याच वीतभर जागेवरून झालं, म्हणून लिहून ठेवलं.

लुगडी सगळेच विणत. मामाजी महिने विणत. फागुनाचं लुगडं पळसाचं, चैताचं मोहफुलाच्या पिवळट पांढऱ्या रंगाचं. रोवणीच्या दिवसांत धानाच्या कोवळ्या परह्यांचा, म्हणजे रोपांचा हिरवा. रंगाची पुडी बाजारातलीच, पण ती पाण्यात किती टाकायची हे ते झाडाला विचारून ठरवत. भिजलेली सुताची लडी काठीला अडकवून लोकांच्या धानाच्या बांधीत उकिडवे बसत आणि लडी परह्यांना लावून पाहत.

एकदा बांधीचा मालक काठी घेऊन धावत आला. "काय चोरून राह्यला रे बुढ्या?"

"हिरवा," मामाजी म्हणाले. "मोजून घे. तुहा कमी झाला असन तं वापस करतो."

तो माणूस खरंच दोन मिनिटं आपल्या धानाकडे पाहत उभा राहिला.

कटंगीच्या बाजाराला मी त्यांच्यामागून गठुडं घेऊन जायची. मामाजी सतरंजीवर लुगडी मांडत आणि नंतर ती विकली जाऊ नयेत म्हणून दिवसभर झटत.

आखाडात एक बाई आली. तिला पळसाच्या रंगाचं लुगडं आवडलं.

"हे नाही भेटत," मामाजी म्हणाले.

"काहून? समोर तं हाये."

"हे फागुनाचं हाये. आता नेसशीन तं लोक म्हणतीन, बाईले महिना समजत नाही."

"मंग आणलं काहून बाजारात?"

"त्याले हवा लागाव म्हणून."

तुमसरचा एक व्यापारी एका रंगाची, एका काठाची बारा लुगडी मागायला आला होता. मामाजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, "बारा सारखे पाह्यजे असतीन तं छपराचे कवेलू घे. पलीकडं कुंभार बसते."

विकलेलं लुगडं ते विसरत नसत. बाजारात लांबून हाक मारत, "अवो बाई, कसं हाये?"

"बरी हाओ बाबा."

"तुले नाही, लुगड्याले विचारलं."

सासूबाई या सगळ्यावर एकच बोलत. "माह्या अंगावर कोन्ता महिना हाये, हे या मानसानं कधी पाह्यलं नाही. मी आपलं गिरणीचं नेसतो."

एकदा बालाघाटला सरकारी प्रदर्शन भरलं. आळीतल्यांनी मामाजींना बळेच नेलं. परतल्यावर सोबतचे लोक पोट धरून सांगत होते. साहेबांनी एक निळसर लुगडं हातात घेतलं आणि विचारलं, "बाबा, इस डिज़ाइन का नाम क्या है?" मामाजी म्हणाले, "साहब, मेंढक कूदने के पहले का पानी." साहेबांनी दुसरं दाखवलं. "और ये?" मामाजी म्हणाले, "कूदने के बाद का." साहेबांनी दोन्ही लिहून घेतली म्हणे.

आता नणंदेच्या लग्नाचं.

तिची सोयरीक लांजीकडे जमली. मुलगा शांत होता, पण त्याची आई म्हणजे आमच्या विहीणबाई फार मानाच्या. आधी त्याच मुलाची हट्टा गावची सोयरीक त्यांनी मोडली होती, कारण पानात पापड तुटका वाढला. कुंकवाच्या दिवशी त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "कोष्ट्याच्या घरची लेक नेऊन राह्यलो, तं दोन लुगडे घरच्या मागावरचे पाह्यजे. एक नवरीच्या अंगावर, एक माह्या. बाजारातलं देसान तं वरात उभ्यानं वापस."

सगळे हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. नणंदेनं माझा हात घट्ट धरला होता. तिला तो मुलगा आवडला होता, हे फक्त मला माहीत होतं.

लग्न जेठात. चैतातच मागावर ताणा चढला, पहिली दोन लुगडी निघाली आणि माग बंद पडला. का, तर नवरीचं लुगडं बहाव्याच्या पिवळ्याचं होणार होतं आणि बहावा अजून फुलला नव्हता. सासूबाईंनी हळदीचा डबा मामाजींपुढे आपटला. "हे घ्या पिवळं. घरात हाये."

"ते जेवाचं पिवळं हाये," मामाजी म्हणाले.

बहावा फुलला तेव्हा लग्नाला वीस-बावीस दिवस राहिले होते. त्यानंतर मामाजी सकाळी खड्ड्यात उतरले की दिवेलागणीला वर येत. पिवळं लुगडं असं निघत होतं की आळीतल्या बाया खिडकीतून डोकावून नुसत्या उभ्या राहत. त्यानंतरचं विहीणबाईंचं. ते जांभळाच्या रंगाचं ठरलं होतं, कारण तोवर खिडकीतलं झाड पिकायला लागलं होतं.

ज्या दुपारी पिवळं संपत आलं, त्या दुपारी घरात आम्ही दोघंच. सासूबाई आणि हे अक्षता द्यायला गावोगाव गेले होते, नणंद मागे पापड वाळवत होती. मी पुढच्या लुगड्याच्या जांभळ्या कांड्या भरत होते. पिवळ्याचा शेवटचा काठ आला. आता वीतभर जागा सोडायची.

तेवढ्यात जांभळावर एक हळद्या येऊन बसला.

पिवळाधमक पक्षी, आणि सभोवती काळी-जांभळी फळं. मामाजींचा हात थांबला नाही, जोरात चालू लागला. त्यांनी खिडकीवरची नजर न काढता एक पिवळा धोटा मारला, एक जांभळा मारला, मग दोन पिवळे, एक जांभळा. वीतभर जागा सोडायची होती, तिथं विणून राहिले होते.

मी पाहिलं. सांगावं कसं? बिल्लोबाई आठ दिवसांपूर्वी शेजारच्या कोठीत व्याली होती आणि तिथंच होती. मी खाकरले. बांगड्या वाजवल्या. कांड्यांची टोपली पालथी केली, सगळ्या कांड्या खड्ड्यात त्यांच्या पायावर गेल्या. मामाजींनी नुसते पाय हलवले.

मग मी धावले. लग्नानंतर पहिल्यांदाच धावले, तेही डोक्यावरचा पदर दातात धरून. शेजारच्या कोठीत शिरले, बिल्लोबाईला पिलांपासून उचललं. तिनं मला मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. तशीच तिला घेऊन आले, मागावर धरली आणि म्हटलं, "बिल्लोबाई, सांगून दे, मधली जागा सुटली नाही."

मामाजींनी एकदा खाली पाहिलं. अर्धा हात विणून झाला होता.

"बिल्लोबाई," ते हळूच म्हणाले, "सुनेले सांग, जागा गेली ते गेली. हळद्या अजून बसून हाये. हालू नको म्हणा."

बिल्लोबाईला धरून मी मागाशी तशीच उभी राहिले. पक्षी उडाला तेव्हा हातभर कापड झालं होतं. असं कापड मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. पिवळं कुठं संपतं आणि जांभळं कुठं लागतं ते सांगता येत नव्हतं, पण पक्षी बसलेला आहे हे दिसत होतं. मामाजींनी तिथंच जांभळं लुगडं जोडून सुरू केलं. बिल्लोबाई माझ्या हातातून सुटली ती कोठीत गेली, आणि लग्न होईपर्यंत तिनं आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

संध्याकाळी सासूबाई आल्या आणि त्यांनी पाहिलं. "आता? दोन लुगडे एकाले एक. मधून काप अन् टाके घाल."

"नाही कापत."

"तं उकल."

"नाही उकलत. हा हात मी विणला नाही, हळद्यानं विणला. मधून सुरी घातली तं पाखरू कापलं जाते."

सासूबाईंचा काय विचार आहे हे ओळखून मामाजींनी त्याच दिवशी घरातली धारेची प्रत्येक वस्तू गोळा केली. कात्री, सुरी, विळा, भाजी चिरायची पावशी. सगळं मागाच्या खड्ड्यात टाकलं आणि वर स्वतः बसले. जांभळं लुगडं विणून होईपर्यंत आम्ही वरणभात खाल्ला. लग्नघरी पाहुणे यायला लागले तरी वरणभात. एका मावशीनं विचारलं, "काव, या घरी भाजीचं सुतक हाये काय?"

मला त्याच संध्याकाळी, पावशी शोधताना, एक गोष्ट सुचली होती. सासूबाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "तू कांड्या भर." ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाबाच्या मधात मी पडत नाही." मग मी गप्प बसले. आपण परकी, चौथी शिकलेली, विणणाऱ्याला काय शिकवणार. नणंद रोज माझ्याजवळ येऊन विचारे, "वहिनी, हे लग्न होते का वो?" मी म्हणे, होते. आणि पुन्हा चरख्यावर बसे.

लग्नाच्या दिवशी वरात आली. ती उतरली त्या जानोशावर नवरदेवाची दाढी चालू होती. मामाजी व्याह्यांना भेटायला गेले, न्हाव्याच्या हातात वस्तरा दिसला. "पाहू बरं, कोन्तं पोलाद हाये," म्हणत त्यांनी तो मागून घेतला आणि खिशात घालून घरी आले. नवरदेवाचा एकच गाल झाला होता.

इकडे घरात कापायला अजून काही नव्हतं, म्हणून सासूबाईंनी नणंदेला पिवळं नेसवून दाराशी पाटावर बसवलं, आणि पुढचं जांभळं सगळं गुंडाळून गोधडीखाली दडवलं. लग्न लागल्यावर विहीणबाईंना समजावू, असा त्यांचा बेत. पण विहीणबाई थेट आत आल्या. "माह्यं लुगडं कोठं हाये?" गोधडीखालून जांभळा काठ दिसत होता. त्यांनी तो ओढला, अंगाला लावला, खूश झाल्या. आम्ही कोणी काही बोलायच्या आत दाराआड जाऊन भराभर नेसल्याही. मग मांडवातल्या बायांना दाखवायला ऐटीत निघाल्या आणि त्यांच्यामागून नणंद पाटावरून सरकत आली.

विहीणबाईंनी मागे वळून पाहिलं. एक पाऊल टाकलं. नणंदही एक पाऊल आली.

मांडवातली एक म्हातारी म्हणाली, "गाठ नवऱ्याशी बांधतात न वो? यायच्याकडं सासूशी बांधतात काय?"

विहीणबाईंचा चेहरा लुगड्याच्या रंगाचा झाला. "बलवा तुमच्या बुढ्याले."

मामाजी आले. विहीणबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता कापा. नाही तं वरात वापस नेतो. नवरदेव बी अर्धाच हाये, तसाच नेतो."

"न्या," मामाजी म्हणाले. "मी पाखरू नाही कापत."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यातलं काजळ खाली येत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. चुलीजवळ, उंबऱ्यावर, माळ्यावर. बिल्लोबाई कुठंच नव्हती.

"मामाजी," मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मांडवातल्या बाया माझ्याकडे वळल्या.

"मामाजी, एका जागी कापू नका. दोन जागी कापा. पाखराच्या अलीकडं एकदा अन् पलीकडं एकदा. दोन्ही लुगडी सुटतात. मधला हात अख्खा राहते."

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असेल. मग खिशातून वस्तरा काढला, खाली बसले आणि अलीकडे एकदा, पलीकडे एकदा, सुताच्या सरळीत ओढला. नणंद सुटली. विहीणबाई सुटल्या. त्यांनी आधी आपलं लुगडं हातानं मोजलं, भरलं, आणि मग मधल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "हा बी द्या. चोळीले बरा होते."

"हा सुनेचा," मामाजी म्हणाले आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. न्हावी वस्तरा घेऊन जानोशाकडे पळाला.

मग मामाजींनी मला विचारलं. मांजर नाही, खांब नाही, थेट मला.

"हे तुले कवा सुचलं?"

"त्याच संध्याकाळी."

"आठ दिवस झाले. मंग सांगतलं काहून नाही?"

मी खरं तेच सांगितलं.

"मांजर नव्हती."

मामाजी मांडवाच्या मेढीला पाठ टेकून इतके हसले की भटजी पंचांग घेऊन आत पाहायला आले.

त्यानंतर मामाजी वारले तोवर आम्ही समोरासमोर बोललो. सूत गाठाळ असलं की मी तोंडावर सांगे. फक्त भांडण झालं की ते बिल्लोबाईला हाक मारत, आणि ती गेल्यावर तिच्या पोरीला. नणंदेचा संसार चांगला झाला. विहीणबाई ते जांभळं लुगडं जेठातच नेसत. मामाजींनी तशी ताकीदच दिली होती.

तो हातभर तुकडा माझ्या पेटीत तळाशी आहे. कोणाला दाखवत नाही. बरोबर मधे, पाखराच्या जवळ, एक पांढरा केस सुतासोबत विणला गेला आहे. सुईनं उचकला तर निघेल. राहू दिला आहे. मी मागाशी बिल्लोबाईला धरून उभी होते, तेव्हाचा तो.